सुधाताईंची फळी, रेग्यांची गिटार

अच्युत रेगे आमच्याकडे पहिल्यांदा चहाला आले तेव्हा चहा येण्याआधी त्यांनी आमचं कपाट वाजवून पाहिलं. मधलं बोट वाकवून त्याच्या पेराने दोनदा टकटक केली, मग कान जवळ नेऊन पुन्हा एकदा. "वरून सागवान दिसतंय, आत भुसा दाबलाय," ते म्हणाले. ते कपाट मला माहेरहून आलेलं. मी म्हटलं, "तुम्ही चहा घ्या." त्यांनी चहा घेतला आणि तो चांगला झालाय असंही सांगितलं. खोटं बोलणं त्यांना जमत नाही, अशी माझी तेव्हा समजूत झाली. ती पुढे बरीच वर्षं टिकली.

डोंबिवली पूर्वेला आमच्या सोसायटीत रेग्यांचं दार आमच्या दारासमोर. तरुणपणी ते कोलशेतच्या एका कारखान्यात पॅटर्न शॉपमध्ये होते. लोखंडाचा कुठलाही भाग ओतायचा तर आधी त्याचा लाकडी नमुना लागतो, तो रेगे करायचे. पुढे कारखाना बंद पडला आणि त्या जागेवर टॉवर उभे राहिले. त्या बाजूने जायची वेळ आली तर रेगे रिक्षात मान फिरवून बसत. मग कुणीतरी त्यांच्याकडे तुटलेली गिटार चिकटवायला आणून दिली. रेग्यांनी ती उघडली, आतलं काम बघितलं, ज्याने केली त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि स्वतः एक करायला घेतली. पहिली फुकट गेली. दुसरी एका चर्चमध्ये वाजते म्हणतात. त्यानंतर त्यांना दुसरं काही सुचलंच नाही.

त्यांच्या घरी देवघराच्या शेजारी हवेतला दमटपणा दाखवणारी एक तबकडी टांगलेली होती. सकाळी उठून रेगे आधी तिच्याकडे बघत, मग देवाकडे. पाऊस सुरू झाला की सरसाचं भांडं माळ्यावर जाई ते दिवाळीच्या आसपास खाली येई. "पावसाळ्यात चिकटवलेलं लाकूड थंडीत सूड घेतं," असं ते येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवत. गिऱ्हाईक कितीही घाईचं असलं तरी हा नियम मोडत नसत. गिऱ्हाइकाशी ते एकूणच शत्रूसारखे वागायचे. एकाने गिटारच्या मानेवर शिंपल्यात स्वतःचं नाव कोरून मागितलं. रेगे म्हणाले, "लग्नपत्रिका छापून घ्या, स्वस्त पडेल." तो माणूस पुन्हा आला नाही आणि रेग्यांना त्याचं समाधान वाटलं.

घर दोन खोल्यांचं, आणि त्यात लाकूडच लाकूड. पलंगाखाली महोगनी, माळ्यावर स्प्रूस, पिठाच्या डब्यामागे आबनुसाचे तुकडे. सुधाताई, म्हणजे त्यांच्या बायको, म्हणायच्या, "पाहुणा आला तर झोपवू कुठे गं मीना? आणि झोपवलाच, तर हे त्यालाही वाजवून बघतील."

बघितलंही असतं. तिसऱ्या मजल्यावरचे कर्णिक गेले तेव्हा आम्ही तिघं भेटायला गेलो होतो. कर्णिकबाई रडत होत्या, सुधाताई त्यांचा हात धरून बसल्या होत्या, आणि त्या शांततेत अचानक टकटक ऐकू आली. रेगे कर्णिकांच्या पलंगाच्या खुरावर वाकले होते. "शिसवी आहे," ते हलक्या आवाजात म्हणाले, आपल्या मते अगदी प्रसंगाला शोभेल असं. "काढणार असाल तर आधी मला सांगा."

जिन्यात सुधाताई म्हणाल्या, "मी गेले की माझ्या तिरडीचे बांबूसुद्धा वाजवून घ्याल."

रेग्यांनी त्यावर थोडा विचार केला. "बांबू पोकळ असतो," ते म्हणाले.

मी तेव्हा हसले होते. सुधाताई हसल्या नव्हत्या.

त्या घरात सुधाताईंची अशी वस्तू एकच, झोपाळा. त्यांचं माहेर राजापूरकडचं. घर विकलं तेव्हा भावांनी आंब्याची कलमं वाटून घेतली आणि बहिणीच्या वाट्याला झोपाळ्याची फळी आली. पितळी कड्यांसकट. जाड, काळपट तांबूस, बसून बसून आरशासारखी झालेली शिसवी फळी. हॉलच्या छताला हुक ठोकून सुधाताईंनी ती टांगली. गुडघे गेलेले, खुर्चीवरून उठताना त्यांना दोन्ही हात टेकावे लागत, पण झोपाळ्यावरून त्या सहज उठायच्या. दुपारी त्यावर बसून मटार सोलायच्या, पेपर वाचायच्या, माझ्याशी बोलायच्या. पायाच्या अंगठ्याने हलकेच जमीन ढकलायची सवय होती. बाकी सगळी जागा रेग्यांच्या लाकडाची होती आणि ही एक त्यांच्या बसण्याची, हे त्या घरात सगळ्यांना मान्य होतं असं मला वाटायचं.

मग निखिल आला. घोडबंदर रोडच्या एका टॉवरमध्ये राहणारा, बरीच वर्षं अमेरिकेत काढून परतलेला मुलगा, म्हणजे चाळिशीचा. तिकडे तो ब्लूग्रास शिकला होता. तिथल्या डोंगराळ मुलखातलं ते गाणं-वाजवणं: बँजो, फिडल, मॅन्डोलिन आणि गिटार गोल उभे राहून जलद वाजवतात आणि मध्ये माइक नसतो. बँजोच्या कडकडाटात गिटार ऐकू यायची तर आवाज लाकडातूनच निघायला हवा. निखिलने हे सांगितलं आणि रेगे खुर्चीत पुढे सरकले. असं गिऱ्हाईक त्यांना आयुष्यात मिळालं नव्हतं.

दोन-तीन रविवार नुसतं लाकूड निवडण्यात गेले. रेगे एकेक पातळ फळी दोन बोटांत कोपऱ्याला धरून लोंबती ठेवत आणि दुसऱ्या हाताने वाजवत. टॉपसाठी, म्हणजे गिटारच्या दर्शनी फळीसाठी, त्यांच्याकडे ताठ, दाट रेघांचा लाल स्प्रूस होता, कुणा बोटीवरच्या ओळखीच्या माणसाकडून मिळवून वर्षानुवर्षं जपलेला. त्यावर एकमत झालं. आतल्या पट्ट्या मधे कोरून हलक्या करायच्या, म्हणजे टॉप मोकळा थरथरेल, त्यावरही झालं. मानेवरची, बोटांखालची पट्टी आबनुसाची, नक्षी काही नाही, वायर लावायला भोक तर मुळीच नाही. अडलं ते पाठीवर आणि कडांवर. महोगनी रेग्यांना पसंत नव्हती. "स्पष्ट बोलते, पण बोलून झालं की संपली. मागे काही उरत नाही." कल्याणच्या वखारीतून आणलेली शिसवी कापं त्यांनी एकामागून एक वाजवली आणि भिंतीला टेकवून ठेवली. सगळी मठ्ठ.

"काका, महोगनीपण चालेल," निखिल म्हणाला. "सर्कलमध्ये मला ऐकू आली म्हणजे झालं. इट्स फाइन."

"चालेल म्हणणाऱ्यांनी दुकानात जावं," रेगे म्हणाले. मग त्यांनी हॉलकडे बघितलं. सुधाताई झोपाळ्यावर लसूण सोलत होत्या. मी त्यांच्या शेजारी होते.

"सुधा, जरा ऊठ."

त्या उठल्या. मीही उठले. रेग्यांनी फळीच्या मध्यावर पेर आपटलं आणि खरंच सांगते, मला संगीतातलं काही कळत नाही, पण तो आवाज खोलीत राहिला. पितळी कड्यांपर्यंत गेला आणि मग हळूहळू विरला. निखिल "वॉव" म्हणाला.  सुधाताई लसणाचं ताट हातात धरून उभ्या होत्या.

"हे लाकूड नाही," त्या म्हणाल्या. "ही माझी बसायची जागा आहे."

त्यावर भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. रेगे भांडले नाहीत. ते फक्त येता-जाता फळीवर टकटक करू लागले. पाणी प्यायला उठले की टकटक, देवाला दिवा लावून परतताना टकटक. सुधाताई बसलेल्या असल्या तर त्यांच्या मांडीशेजारी. आपल्या बसायच्या जागेवर कुणी रोज दार ठोठावल्यासारखं करत असेल तर माणूस बसणार कसा? शेवटी त्यांनीच तोडगा काढला. फळी जाड आहे, आडवी चिरून दोन पातळ फळ्या करा. खालची गिटारला घ्या, वरची गुळगुळीत मला परत टांगून द्या. रेग्यांनी देवासमोर कबूल केलं. मी तिथेच होते.

"तू जा बरोबर," सुधाताई मला म्हणाल्या. "लाकूड समोर असलं की ह्यांना माणसं दिसत नाहीत."

कल्याणला वखारीत मोठी उभी करवत होती, पट्ट्यासारखी फिरणारी. जुन्या लाकडाला करवत लावण्याआधी रेगे नेहमी त्यावरून लोहचुंबक फिरवायचे. मोडक्या स्पीकरमधून काढलेलं एक जाड चुंबक त्यांच्या पिशवीत कायम असे. त्या दिवशीही होतं. वखारवाल्याने विचारलंसुद्धा, "काका, मॅग्नेट मारला का?"

"ही घरची फळी आहे," रेगे म्हणाले. "हिला मी आतून-बाहेरून ओळखतो."

करवत तिसऱ्या हिश्श्यापर्यंत छान गेली. मग किंचाळली, ठिणगी उडाली, पातं भरकटलं आणि वरचा अर्धा भाग, तोच गुळगुळीत, उभा फाटत गेला. वखारवाल्याने मशीन बंद केली आणि फटीत बोट घालून बघितलं. "खिळा आहे ना आत. लाखेने बुजवलेला. ब्लेडची वाट लागली."

खालची अर्धी फळी मात्र वाचली होती. कोपरा कापून टाकला असता तर तिचा झोपाळा झाला असता. किंवा गिटार झाली असती. दोन्ही होणार नव्हतं, हे मलाही समजत होतं.

रेग्यांनी ती उचलली, दोन बोटांत धरायला जड होती म्हणून भिंतीला टेकवली, आणि वाजवली. डोळे मिटून ऐकलं.

मी म्हटलं, "रेगे, ही सुधाताईंची. मी फोन लावते त्यांना."

"आता लाकूड उघडं पडलंय," ते म्हणाले. "आजच पातळ चिरलं नाही तर वळेल." आणि वखारवाल्याला म्हणाले, "दुसरं पातं चढव."

मी फोन लावला होता. पलीकडे घंटी वाजत होती आणि इकडे करवत सुरू झाली. त्या आवाजात सुधाताई "हॅलो, हॅलो" म्हणाल्या असतील, मला काही ऐकू आलं नाही. इतकं मुरलेलं शिसवी लाकूड वळत नाही. हे मला रेग्यांनीच पूर्वी आमच्या दाराच्या चौकटीवरून सांगितलं होतं.

घरी आलो तेव्हा सुधाताई दारात उभ्या होत्या. रेग्यांच्या काखेत पातळ फळ्या होत्या आणि मागून टेम्पोवाल्याने तो फाटका भाग आणून जिन्याशी ठेवला. सुधाताईंनी फळ्यांकडे बघितलं.

"ह्यातली माझी कुठली?"

"सुधा, खिळा निघाला आत," रेगे म्हणाले. "कुणी मूर्खाने ठोकून ठेवला होता."

"माझ्या बाबांनी," सुधाताई म्हणाल्या. "आमच्याकडे मुलगी झाली की बाराव्या दिवशी फळीला खालून खिळा मारायचे, दृष्ट लागू नये म्हणून. तो माझा होता. लग्न झाल्यापासून कितीदा सांगितलंय तुम्हाला."

 रेग्यांना खरंच आठवत नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. मला त्यांचा त्या क्षणी जो राग आला तो अजून गेलेला नाही. मेलेल्या झाडाला कान लावणाऱ्या ह्या माणसाने जिवंत बायकोचं एक वाक्य आयुष्यभरात ऐकलेलं नव्हतं.

सुधाताई आत गेल्या आणि त्यांनी कुकर लावला.

गिटार थंडीत झाली. इतकं मन लावून काम करताना मी माणूस पाहिलेला नाही, आणि हेही सांगायला हवं. कडा वाकवताना ते श्वास रोखून धरत. टॉप रंधत आणि वाजवत, पुन्हा रंधत, एवढंसं एवढंसं, कागदाइतकं. छताला दोन हुक तसेच होते. त्यांच्याखाली सुधाताई प्लास्टिकच्या खुर्चीत बसून मटार सोलत आणि उठताना दोन्ही हात टेकत. त्या घरात कुणी कुणावर ओरडलं नाही. एकदाच त्या म्हणाल्या, "झाली की मला आधी ऐकवा. माझी फळी काय बोलते ते तरी कळू दे."

रेग्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. निखिल आला, त्याने आतल्या खोलीत बसून तासभर वाजवली. रेग्यांनी पंखा बंद केला, दार लावून घेतलं आणि सुधाताईंना मिक्सर लावू नको म्हणून सांगितलं. मी स्वयंपाकघरात होते. दाराआडून काहीतरी भरभर, खणखणीत येत होतं. सुधाताई दाराशी गेल्या आणि कडीवर हात ठेवला. तेवढ्यात दार उघडून रेगे बाहेर आले. चेहरा असा उजळलेला की त्यांच्या लग्नाच्या फोटोतही तसा नाही.

"आत येऊ ना?" सुधाताईंनी विचारलं.

"आता नको," ते म्हणाले. "अजून आवाज कोवळा आहे. नवी गिटार वाजून वाजून मोकळी होते. वर्षभराने ऐक, मग बघ."

"काकू, मी घेऊन येईन ना," निखिल म्हणाला. "प्रॉमिस." मुलगा वाईट नव्हता. पण वर्षाच्या आतच त्याच्या कंपनीने त्याला परत अमेरिकेला बोलावलं आणि तो गेला. गिटार घेऊनच गेला.

त्याच पावसाळ्यात सुधाताईंच्या किडन्यांनी दगा दिला. कल्याणच्या हॉस्पिटलमध्ये बायकांच्या वॉर्डात त्या खिडकीशी होत्या. रेगे रोज जायचे, स्टुलावर बसायचे. एका संध्याकाळी मी गेले तेव्हा ते मोबाइल घेऊन झटापट करत होते. निखिलला व्हिडिओ कॉल लावला होता. तिकडे सकाळ होती, निखिल गंजीफ्रॉकवर होता, पण बिचारा लगेच गिटार घेऊन बसला.

"काकू, ऐका हं."

त्याने वाजवायला सुरुवात केली. हात भराभर चालताना दिसत होता आणि आवाज मात्र तुटत होता. फोनला माणसाचं बोलणं तेवढं कळतं. बाकीचं सगळं तो कचरा समजून गाळून टाकतो. निखिल "येतंय का?" म्हणाला ते स्वच्छ ऐकू आलं. गिटारचं फक्त टिकटिक, टिकटिक, मध्येच काही नाही. तो लाल स्प्रूस, त्या कोरलेल्या पट्ट्या, ती फळी, ह्यातलं काहीही त्या वॉर्डात पोचलं नाही. रेगे फोन सुधाताईंच्या कानाशी नेत होते, मग लांब धरत होते, पुन्हा कानाशी. "थांब, सुधा, थांब, आता येईल," असं म्हणत होते. 

सुधाताई शेवटपर्यंत ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "चांगली आहे रे, निखिल." आणि रेग्यांना म्हणाल्या, "बंद करा आता. बाजूच्या बाईंचा डोळा लागलाय."

त्या गणपतीच्या आधी गेल्या. तिरडीच्या वेळी रेगे बांबूंपासून लांब, जिन्याच्या कठड्याला धरून उभे होते. मला जिन्यातलं ते जुनं बोलणं आठवलं. त्यांनाही आठवलं असावं, नाहीतर ते इतके लांब का उभे राहतील?

दिवस झाल्यावर त्यांच्या घरातून रंध्याचा आवाज येऊ लागला. बाहेर पाऊस कोसळत होता. मी डबा द्यायला गेले तेव्हा गॅसवर सरसाचं भांडं होतं आणि तो फाटलेला अर्धा भाग शिकंजांमध्ये आवळलेला. इतके दिवस तो कपाटामागे पडून होता. मी तबकडीकडे बघितलं. काटा पार उजवीकडे गेला होता.

"रेगे, पाऊस आहे," मी म्हटलं.

"माहीत आहे," ते म्हणाले आणि सरस लावत राहिले.

फळी झाली. सांधा बारीक, केसासारखा, नखालाही लागणार नाही असा. त्यांनी ती त्याच हुकांना, त्याच पितळी कड्यांत टांगली आणि मला बोलावलं.

"मीनाताई, जरा बसून बघा ना. तुम्ही तिच्याबरोबर बसायचात."

मी म्हटलं, "नाही."

ते पुन्हा म्हणाले नाहीत. मला वाईट वाटलं का? वाटलं. पण बसले नाही, आणि आज विचारलं तरी बसणार नाही.

नवीन गिटार त्यांनी केलेली नाही. लाकूड तसंच आहे, पलंगाखाली, माळ्यावर, पिठाच्या डब्यामागे. दार बहुतेक उघडं असतं, त्यामुळे येता-जाता नजर जाते. परवा, चांगली थंडी पडली होती, मी भाजी घेऊन वर येत होते. फळीचा सांधा एका टोकाकडून उघडलेला दिसला. त्यातून पलीकडच्या खिडकीचा उजेड येत होता. रेगे सुधाताईंच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते. त्यांनी मधलं बोट वाकवून फळीवर टकटक केली आणि कान जवळ नेला. टांगलेली फळी ती, धक्क्याने त्यांच्यापासून लांब गेली. ते मान पुढे काढून तिच्यामागे झुकले. फळी परत आली, त्यांनी पुन्हा वाजवली, ती पुन्हा लांब गेली. मी किल्ली काढून आमचं दार उघडलं आणि आत गेले.